१५ मीटरच्या बाजाररस्त्यावर चालण्यासाठी सलग जागा कशी काढायची?

आडवा_छेद (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जुन्या पेठेतल्या बाजाररस्त्याचा आराखडा करायचा आहे. रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत १५ मीटर, लांबी साधारण ६०० मीटर. दोन्ही बाजूंना कापड, भांडी आणि सराफी दुकानं. वाहतूक एकेरी आहे आणि शहर बसही इथूनच जाते. दोन्ही कडांना दुचाकी लागतात, सम-विषम तारखेचं पार्किंग फक्त पाटीवर आहे. फुटपाथ दोन्हीकडे दीड-दीड मीटर, रस्त्यापासून कुठे ५० मिमी तर कुठे ३०० मिमी उंच. त्यात मधेच डीपी (विजेची पेटी), झाडाचा पार, दुकानाच्या पायऱ्या. साहजिकच लोक रस्त्यातून चालतात. पथारीवाले चाळीसेक आहेत. गणपतीची विसर्जन मिरवणूक इथून जाते आणि उत्सवात दोन मांडव रस्त्यावरच पडतात.

वाहनं पूर्ण बंद करायची की जागेची नव्यानं वाटणी करायची, हा पहिला प्रश्न. वाटणी केली तर कुणाला किती मीटर? दुकानांचे उंबरे वेगवेगळ्या पातळीवर आहेत, त्यामुळे पाणी दुकानात शिरेल ही व्यापाऱ्यांची भीती खरी आहे. आणि पेव्हर (फरसबंदीचे काँक्रीटचे ब्लॉक) दोन पावसाळ्यांत खचू नयेत यासाठी निविदेत नेमकं काय लिहावं?

चौक_क्रमांक_७

आधी वाटणी करा, बंदीचा विचार नंतर. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किमीचा रस्ता २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनं बंद झाली. तिथे मेट्रो अगदी जवळ आहे, सायकलरिक्षा आहेत. तुमच्याकडे बस त्याच रस्त्यानं जाते. बस हलवली की पायी येणाऱ्याचंच चालणं वाढतं.

१५ मीटरची वाटणी अशी करता येईल, एका भिंतीकडून दुसरीकडे:

दुकानाची कड ०.५ + चालण्याचा पट्टा २.५ + खांब-झाडांचा पट्टा १.३ + वाहनमार्ग ५.५ + पार्किंग, माल, पथारी आणि झाडांचा पट्टा २.२ + चालण्याचा पट्टा २.५ + दुकानाची कड ०.५ = १५.

दुकानाची कड वेगळी मोजा. काचेत मांडलेल्या साड्या बघायला माणूस थांबतो, शटरपाशी चपला निघतात, पुतळे बाहेर येतात. ती अर्धा मीटर चालण्यात धरली की कागदावरचा ३ मीटर जागेवर अडीचच उरतो. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं) मध्ये व्यापारी भागासाठी किमान २.५ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे आणि ती अडथळे वजा करून उरलेली रुंदी आहे. २०१२ च्या आवृत्तीनंतर २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तीच हाताशी ठेवा. पुणे महापालिकेची २०१६ ची रस्ता-आराखडा मार्गदर्शक तत्त्वंही बघा. त्यात वेगवेगळ्या रुंदीच्या रस्त्यांचे नमुना छेद मिळतील.

पट्टा पुरतो का ते ताडून पाहा. आरामात चालायचं तर मीटरभर रुंदीतून मिनिटाला २५ माणसं धरा. २.५ मीटरमधून साधारण ६२, म्हणजे तासाला ३,७०० च्या आसपास, एका बाजूला. शनिवारी संध्याकाळी ६ ते ८ पंधरा-पंधरा मिनिटांची मोजणी करा, आणि फुटपाथवरचेच नव्हे, रस्त्यातून चालणारेही मोजा. नाहीतर वाईट फुटपाथावर माणसं कमी दिसतात आणि त्यावरून तो पुरेसा आहे असा उलटा निष्कर्ष निघतो. दिवाळीच्या आठवड्यात आकडा याच्या वर गेला तर त्या संध्याकाळी दोन्ही टोकांचे काढते बोलार्ड (वाहनं अडवणारे ठेंगणे खांब) लावून वाहनं बंद ठेवा, बस शेजारच्या रस्त्यानं. वर्षाचे काही दिवस बंदी आणि बाकी दिवस चांगला पदपथ, हे इथे जमण्यासारखं आहे.

वाहनमार्ग सगळीकडे ५.५ च ठेवा. जिथे इमारत मागे सरकून रस्ता १७ मीटर होतो तिथली जास्तीची जागा पदपथाला जाईल, वाहनांना नाही. मधेच रुंद होऊन पुढे आवळणारा रस्ता जास्त गाड्या नेत नाही. रुंद भागात फक्त दुसरी रांग उभी राहते.

कर्ब_आणि_गटार

वाटणी पटली. पण असे रस्ते फसतात ते पातळ्यांवर, म्हणून आधी तेच.

लेव्हल घेताना फक्त रस्त्याचा मध्य आणि कडा घेऊन भागत नाही. दर ५ मीटरवर आडवा छेद हवा, आणि प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची, प्रत्येक बोळाच्या तोंडाची आणि प्रत्येक चेंबरच्या झाकणाची पातळी हवी. मग हिशोब असा. अरुंद, म्हणजे १.३ मीटरच्या पट्ट्याच्या बाजूला कर्ब (पदपथाची उभी कड) १५० मिमी. त्यामागे १.३ + ३.० (चालण्याचा पट्टा आणि दुकानाची कड) = ४.३ मीटर, उतार १:५० रस्त्याकडे, म्हणजे ८६ मिमी चढ. भिंतीपाशी पदपथ रस्त्याच्या कडेपेक्षा २३६ मिमी वर येतो. उंबरा याच्या किमान २० मिमी वर हवा. नसेल तर कर्ब १०० मिमी करा, आकडा १८६ वर येतो. तेवढ्यानंही भागत नसेल तर रस्ता खाली घ्या: जुना डांबराचा थर खरवडून ९० मिमी काढायचा, ४० मिमी नवा टाकायचा, निव्वळ ५० मिमी उतरतो. दरवेळी थरावर थर चढवत गेल्यामुळेच तुमचा फुटपाथ कुठे ५० मिमीवर आला आहे.

पदपथाचा उतार दुकानाकडे देऊन भिंतीलगत जाळीचं गटार करण्याचा मोह होईल. करू नका. त्या जाळीत पहिल्याच पावसात झाडलेला कचरा बसतो आणि पाणी थेट दुकानात जातं.

२.२ मीटरच्या बाजूला आणखी एक अडचण आहे. पार्किंगचे कप्पे आणि मधे झाडांसाठी पुढे काढलेले भाग अशी रचना असते. पाणी मागच्या कर्बला धरून वाहू दिलं तर प्रत्येक पुढे काढलेल्या भागापाशी अडून तळं होतं. म्हणून कप्प्याला १:४० उतार रस्त्याकडे द्या आणि कप्पा व वाहनमार्ग यांच्या सांध्यावर ३०० मिमी रुंद बशीसारखी उथळ पन्हाळ सलग न्या. पावसाळी गटारात उतरायला दर १५ ते २० मीटरवर जाळी, तिच्याखाली गाळ बसायला ३०० मिमी खोलगट. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर व्हीलचेअरचं पुढचं चाक आणि सायकलचं टायर अडकतं.

या बाजूला कप्प्याच्या चढामुळे भिंतीपाशी उंची ५५ (कप्पा) + १५० (कर्ब) + ६० (पदपथ) = २६५ मिमी होते. म्हणजे ज्या बाजूचे उंबरे खाली आहेत त्या बाजूला कप्पे घेऊच नका. पार्किंग कुठल्या बाजूला, हे ठरवताना वाहतूक विभागाइतकंच लेव्हलच्या वहीचं ऐका.

पेव्हर: चालण्याच्या पट्ट्यात ६० मिमी चालतात. कप्पे, वाड्यांची प्रवेशद्वारं आणि जिथे टेम्पो चढू शकतो तिथे ८० मिमी, एम-४० ताकदीच्या काँक्रीटचे. खाली १५० मिमी जीएसबी (खडीचा पायाथर), त्यावर ३० मिमी भरड वाळू, सांधे ३ मिमी, त्यात कोरडी बारीक वाळू झाडून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, पुन्हा वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर. खचण्याची कारणं जवळजवळ नेहमी तीनच. केबलचा चर राडारोड्यानं भरून एकदाच चोपलेला असतो. तो १५० मिमीच्या थरांनी, पाणी मारून, प्रत्येक थर चोपून भरला पाहिजे. कडेला धरून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा नसतो, त्यामुळे ब्लॉक बाजूला सरकतात आणि सांध्यातली वाळू निघून जाते. आणि चेंबरभोवती कापलेले छोटे तुकडे सिमेंटनं चिकटवलेले असतात, ते आधी सुटतात. निविदेत लिहा: ब्लॉकच्या एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा नको, चेंबरभोवती चौकोनी काँक्रीटची चौकट, आणि झाकण व फरसबंदी यांच्या पातळीत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

ग्रॅनाइटसाठी दबाव येईल. घेतलात तर फ्लेम फिनिशच, म्हणजे ज्योतीनं खरखरीत केलेला. पॉलिश केलेला दगड जूनमध्ये माणसं पाडतो.

ठिपके_रेषा

पेव्हरइतकाच तपशील स्पर्श-फरशांना द्या. बऱ्याच रस्त्यांवर त्या उरलेल्या जागेत बसवलेल्या दिसतात.

लांब उंचवट्यांची फरशी वाट दाखवते, ठिपक्यांची फरशी थांबायला सांगते. आकार ३०० × ३००, उंचवटा ५ मिमी. ही रेषा २.५ मीटरच्या पट्ट्यातच आणि सरळ हवी, दोन्ही बाजूंना खांब, पायरी किंवा पथारीपासून निदान ६०० मिमी सोडून. चेंबर वाटेत आलं तर रेषा त्याला वळसा घालू नये. आत फरशी बसवता येणारं खोलगट झाकण मिळतं, ते वापरा आणि काम करणाऱ्यांना सांगा की झाकण फिरवून बसवलं तर रेषा तुटते. प्रत्येक क्रॉसिंगला कर्बच्या ३०० मिमी आधी ठिपक्यांची ओळ, उताराच्या पूर्ण रुंदीभर. रंगात फरक हवा. करड्या पेव्हरमध्ये करडी फरशी अंधुक दिसणाऱ्या माणसाच्या काहीच कामाची नाही.

मुख्य गोष्ट मात्र बोळांची. ६०० मीटरमध्ये सात-आठ बोळ असतील. प्रत्येक ठिकाणी पदपथ खाली उतरून पुन्हा वर चढला तर सलगता गेलीच. बोळाच्या तोंडाशी पदपथ त्याच पातळीवर, त्याच फरसबंदीत पुढे न्या आणि गाडीनं चढून जावं: १५० मिमीसाठी दीड मीटर लांबीचा उतार, म्हणजे १:१०. वाड्यांच्या दारापाशीही तेच. गाडीचा उतार १.३ किंवा २.२ च्या पट्ट्यात संपवा (१.३ मध्ये दीड मीटर मावत नाही, तिथे १५० मिमीचा उतार थोडा तीव्र होईल), चालण्याच्या पट्ट्याला हात लावू नका. बोळाचं पाणी या चढावामागे अडतं, म्हणून जाळी वरच्या बाजूला आधीच घ्या. खालून पाइप टाकला तर तो तुंबतो आणि साफ करता येत नाही.

जिथे पदपथ खरोखरच उतरतो तिथे १:१२, म्हणजे १५० मिमीसाठी १.८ मीटर. बोलार्डमध्ये मोकळं अंतर १.२ मीटर. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यामुळे ही सवलत नाही, बंधन आहे.

आडवा_छेद

मनापासून आभार. लेव्हल घेतल्या. उत्तर बाजूचा सगळ्यात खालचा उंबरा सध्याच्या रस्त्याच्या कडेपेक्षा १७० मिमी वर आहे, दक्षिणेचा ३१०. दोन शंका उरतात. १.२ मीटरच्या फटीतून दुचाकी सहज शिरेल, तिचं काय? आणि व्यापारी म्हणतात, गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक मॉलला जाईल.

कर्ब_आणि_गटार

उत्तरेला कर्ब १०० करा आणि रस्ता निव्वळ ५० मिमी खाली घ्या. उंबरा २२० होतो, पदपथ १८६ वर येतो, ३४ मिमी हाती राहतात. कप्पे दक्षिणेला. तिथे रस्ता उतरल्यावर उंबरा ३६०, गरज २६५ + २०. एखादी पायरी राहील, ती अर्ध्या मीटरच्या कडेतच बसली पाहिजे. रस्ता उतरवताना चेंबरच्या चौकटीही उतरवाव्या लागतात, ती बाब अंदाजपत्रकात वेगळी धरा. बऱ्याचदा तीच सुटते आणि मग रस्ताभर झाकणांचे उंचवटे राहतात.

पेठ_पाहणी

दुचाकीचं हँडल साधारण ७०-८० सेंमी रुंद, व्हीलचेअरला ९० सेंमी लागतात. म्हणजे व्हीलचेअर जाईल आणि दुचाकी अडेल अशी फट अस्तित्वातच नाही. आडवेतिडवे अडथळे लावले तर अडकते ती व्हीलचेअर आणि बाबागाडी. दुचाकी दोन कारणांनी चढते: रस्ता तुंबलेला असतो, किंवा लावायला जागा नसते. दुसरं तुमच्या हातात आहे. बाकीचं काम उभ्या कडेचा सलग कर्ब आणि पहिले तीन महिने रोजची कारवाई यांनी होतं. उतरत्या कडेचा कर्ब लावलात तर पूर्ण ६०० मीटर चढायला खुले राहतात.

व्यापाऱ्यांशी बोलायला जाताना हातात आकडे हवेत. सकाळी १० ते रात्री ९, दर अर्ध्या तासाला, लागलेल्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे लिहा. एक मंगळवार आणि एक शनिवार. सकाळी ११ ला दिसलेला नंबर संध्याकाळी ७ लाही तिथेच असेल तर ती गाडी गिऱ्हाइकाची नाही. मालकाची, नोकराची किंवा वर राहणाऱ्याची आहे. अशा गाड्यांना मासिक पासवर शेजारच्या वाहनतळात जागा द्या. सुटलेल्या प्रत्येक जागेत दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइकं येऊन जातात, हे व्यापाऱ्याला त्याच्याच दुकानासमोरच्या यादीवरून दाखवता येतं. शिवाय दहा-बारा दुकानांच्या दारात उभं राहून आत येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: आज कसे आलात? चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये रुंद पदपथ झाला तेव्हा जवळच बहुमजली वाहनतळाची योजना सोबत होती. दोन्ही एकत्र मांडलं की बोलणं पुढे सरकतं.

कप्प्यांची वाटणी: दुचाकी काटकोनात, प्रत्येकी १ × २ मीटर, म्हणजे ६ मीटरच्या कप्प्यात सहा. चारचाकी शक्यतो नाहीच. एका चारचाकीच्या ५ मीटरमध्ये पाच दुचाकी मावतात. दर ८०-१०० मीटरवर १० मीटरचा एक कप्पा मालासाठी, सकाळी १० पर्यंत टेम्पो, नंतर तिथेच दुचाकी. हा कप्पा विसरलात तर टेम्पो वाहनमार्गात थांबेल, मागे बस अडकेल, आणि महिनाभरात पदपथ कापून रस्ता रुंद करा अशी मागणी येईल. मालाच्या कप्प्यापाशी कर्ब उतरता ठेवा, हातगाडी तिथूनच वर येते.

पथारीवाल्यांना हटवून आराखडा पुरा होत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीतून जावं लागतं, आणि ते योग्यच आहे. गजरे, रुमाल, पिना घ्यायलाही लोक याच रस्त्यावर येतात. १.५ × १.२ मीटरचे आखलेले चौकोन २.२ च्या पट्ट्यात, तोंड पदपथाकडे. मात्र गिऱ्हाईक समोर ६० सेंमी जागा घेतं, तेवढा चौकोन मागे सरकवा. कोपऱ्यापासून १० मीटर आणि क्रॉसिंगसमोर एकही चौकोन नको. बाजूला पाण्याचा नळ आणि कचऱ्याचा डबा दिला तर जागा स्वच्छ राहते.

चौक_क्रमांक_७

क्रॉसिंगचं राहिलं होतं. दर ८०-१०० मीटरवर एक, शक्यतो बोळाच्या किंवा बसथांब्याच्या ओळीत, कारण लोक तिथेच ओलांडतात. कप्प्यांची रांग तिथे तोडून पदपथ वाहनमार्गाच्या कडेपर्यंत पुढे आणा. ओलांडायचं अंतर ५.५ मीटर राहतं, सेकंदाला १.२ मीटरनं पाच सेकंदांच्या आत. आज तुमच्याकडे फुटपाथ सोडून १२ मीटर आहेत, म्हणजे १० सेकंद. म्हाताऱ्या माणसाला ०.९ चा वेग धरला तर १३. बस असल्यामुळे उंच क्रॉसिंगची उंची १०० मिमी आणि उतार लांब ठेवा. बसचालक तक्रार करतात ती उंचीपेक्षा आखूड उताराची असते.

बहावा

झाडं आणि मांडव, दोन्हींबद्दल थोडं.

असलेल्या झाडाभोवतीचा पार चालण्याच्या पट्ट्यात येत असेल तर पार काढून आळं पदपथाच्या पातळीला आणा, झाड ठेवा. आळं किमान १.२ × १.२ मीटर, मातीचं, वर जाळी. बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं की झाड आधी वाळतं आणि मग वादळात पडतं. जुन्या वड-पिंपळाची मुळं कापून पेव्हर सपाट करू नका. तेवढ्या भागात खडीच्या थरावर पेव्हर उचलून हलका चढ-उतार द्या. नव्यासाठी बहावा, ताम्हण, करंज, अंतर ८ ते १० मीटर. गुलमोहर नको, फांदी ठिसूळ आणि मुळं वरवर पसरतात. खालची फांदी डोक्यावर २.५ मीटर मोकळी हवी. दिव्याचे खांब आधी आखून झाडं मधल्या जागी, नाहीतर पाच वर्षांत दिवा पानांत जातो.

मांडवासाठी दरवर्षी पहार घालून नव्या फरसबंदीत खड्डे पडतात. मंडळांशी आत्ताच बसून मांडवाचा आखणी-नकाशा घ्या आणि खांबांच्या जागी काँक्रीटच्या ठोकळ्यात जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे खोबण बसवा: आतला व्यास वापरात असलेल्या वाशापेक्षा थोडा मोठा, खोली ६०० मिमी, तळाला निचऱ्यासाठी खडी, वर पातळीत बसणारं स्क्रूचं झाकण. खोबणीखालून केबल जात नाही हे आधी तपासा. कमानींसाठीही दोन-तीन जोड्या करून ठेवा. मिरवणुकीसाठी मधे दुभाजक नको, दिव्याचे हात वाहनमार्गावर झुकलेले नकोत आणि चौकातले बोलार्ड काढते हवेत. अग्निशमन दलालाही तेच लागतं. बंबाला ४ मीटर सलग मोकळे मिळाले पाहिजेत, तुमच्या ५.५ मध्ये ते मिळतात, पण लटकणाऱ्या केबल आणि दुकानांच्या ताडपत्र्या काढल्या तरच.

कर्ब_आणि_गटार

कामाचा क्रम लिहून थांबतो. आधी जमिनीखालच्या वाहिन्यांचा सर्व्हे, आणि दर ५० मीटरला हातानं खोदलेला चाचणी खड्डा, कारण जुन्या पेठेत नकाशावरची पाण्याची लाइन आणि जमिनीतली लाइन क्वचितच जुळते. मग पावसाळी गटार, जलवाहिनी आणि घरजोड, त्यानंतर केबलसाठी डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचे पन्हाळी प्लास्टिक) पाइप, प्रत्येक बाजूला निदान दोन रिकामे जास्तीचे. हे सगळं खांब-झाडांच्या किंवा कप्प्यांच्या पट्ट्याखाली, झाडांची आळी चुकवून. चालण्याच्या पट्ट्याखाली नाही. दर ५० मीटरला रस्ता ओलांडणारे पाइप आत्ताच टाका. डीपी आणि फीडर पिलर (वीज वाटणाऱ्या उभ्या पेट्या) हलवायला वीज कंपनीचा अर्ज कार्यादेशाच्या आधीच जाऊ द्या. पूर्ण रस्ता झाला आणि एक डीपी मधोमध राहिला, हे टाळण्याचा तोच मार्ग आहे.

एका वेळी एकाच बाजूचे ५०-६० मीटर उघडा, प्रत्येक दुकानाला १.२ मीटर रुंद कठडेवाली फळी. पुढचा टप्पा मागच्याची फरसबंदी झाल्याशिवाय नाही. हातात जानेवारी ते मे एवढाच काळ आहे. जूनमध्ये उघडा चर म्हणजे चिखल, आणि गणपती ते दिवाळी व्यापारी एक फरशीही उचलू देणार नाहीत. लग्नसराईची खरेदी असते म्हणून सराफी दुकानांसमोरचं काम जानेवारीतच उरका.

त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रंग, बॅरिकेड आणि कुंड्या लावून हीच वाटणी निदान तीन आठवडे चालवून बघा. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन झाला, रस्ता मोकळा कसा दिसतो ते लोकांना कळलं. पण मालाचा टेम्पो, कचऱ्याची गाडी आणि सोमवारची बँकेची गर्दी एका दिवसात कळत नाही. तीन आठवड्यांत रोज कुठला बॅरिकेड हललेला सापडतो ते नकाशावर लिहून ठेवा. ज्या जागी तो पुनःपुन्हा हलतो तिथला कप्पा, बोलार्ड किंवा उतार चुकीच्या ठिकाणी आहे. काँक्रीट ओतण्याआधी तो बदला.